ओसी नसलेला रिसेल फ्लॅट : घ्यावा की सोडावा?

पोटमाळा
मंडळी, सल्ला हवाय. शहराचं नाव लिहीत नाही, कारण त्या सोसायटीचे सेक्रेटरी इथे वाचनमात्र असतात असा मला दाट संशय आहे.

अकरा वर्षं भाड्याच्या घरात काढली. आता एक दोन बीएचके पसंत पडलाय. २०११ ची इमारत, खाली पार्किंग, वर सहा मजले, चोवीस घरं. फ्लॅट चौथ्या मजल्यावर, स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी, खाली दळणाची गिरणी, समोर शाळा. शेजारच्या इमारतीपेक्षा किंमत बारा लाखांनी कमी. कारण एकच, ओसी नाही. सीसी (बांधकाम सुरू करायची परवानगी) आहे, जोते तपासणीचा दाखला आहे, करारनामे नोंदवलेले आहेत, घरपट्टी नियमित येते. फक्त ओसी, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचं पालिकेचं भोगवटा प्रमाणपत्र, नाही.

एजंट म्हणतो, "साहेब, या अख्ख्या गल्लीत कुणाकडे ओसी निघाली तर मी कमिशन सोडतो." सेक्रेटरी म्हणतात, "चौदा वर्षं राहतोय, कुणी विचारलंसुद्धा नाही." मोठ्या बँकेने फाइल दोन दिवसांत परत दिली. एका पतसंस्थेचा माणूस "करून देऊ" म्हणत मागे लागलाय, आणि मला नेमकी त्याचीच भीती वाटतेय.

घ्यावा का? आणि बिल्डरने काढली नाही ती ओसी रहिवाशांना काढता येते का?

तिखटमीठ
पळा.

खिडकीतली जागा
पळून जाणार कुठे? ओसीवाल्या इमारतीत बारा लाख जास्त पडतात, आणि तेच तर त्यांच्याकडे नाहीत.

लाल शाई
पस्तीस वर्षं नगररचनेत आरेखक होतो, आता निवृत्त. म्हणून दोन शब्द.

ओसी नाही एवढ्यावरून काहीच कळत नाही. ती का नाही, ते विचारा. माझ्या टेबलावर येणाऱ्या फायलींत कधी नुसता कागद अडकलेला असायचा. बिल्डरने विकास शुल्काचा शेवटचा हप्ता बुडवलेला, ड्रेनेजचा दाखला आणलेला नाही, लिफ्टचं लायसन्स राहिलंय, किंवा आर्किटेक्टची फी थकवली म्हणून त्याने पूर्णत्वाचा दाखलाच दिलेला नाही. इमारत मात्र नकाशाबरहुकूम. अशी ओसी चपला झिजवून का होईना, निघते.

कधी इमारतच अडकलेली असते. नकाशात पार्किंग, प्रत्यक्षात दुकानं. नकाशात गच्ची, प्रत्यक्षात खोल्या. साइड मार्जिनमध्ये, म्हणजे बाजूला सोडायच्या मोकळ्या जागेत, जिना घुसलेला. इथे आधी सुधारित नकाशा मंजूर करून घ्यावा लागतो. जे आजच्या नियमात बसतं त्याला तडजोड शुल्क, जे बसत नाही त्याला हातोडा.

आणि कधी जमीन अडकलेली असते. डीपी (विकास आराखड्यातला) रस्ता, आरक्षण, पूररेषा, एनए (बिगरशेती) झालेलंच नाही. या प्रकारात बारा काय, तीस लाख कमी केले तरी हात लावू नका.

तुमचं यातलं कुठलं, हे ना एजंट सांगेल ना सेक्रेटरी. माहिती अधिकारात मंजूर नकाशाची सही-शिक्क्याची प्रत काढा. बिल्डरने वाटलेली रंगीत झेरॉक्स नको. मग एखाद्या रविवारी टेप घेऊन जा.

पोटमाळा
टेप घेऊन? मी?

लाल शाई
तुम्हीच. कुंपणापासून भिंत मोजा, पार्किंगचे खांब मोजा, मजले मोजा. मजले मोजायला सांगतोय म्हणून हसू नका. नकाशात पाच आणि जागेवर सहा असं मी स्वतः पाहिलंय.

साडेतीन मजले
इथे जरा वेगळं मत मांडतो. मी गेली नऊ वर्षं ओसी नसलेल्या घरात राहतोय. लाइट आहे, पाणी आहे, मुलीचं बारसं याच घरात झालं. पगार बघून घर घेणाऱ्या माणसाने काय करायचं? शहरांत असंख्य इमारती अशाच उभ्या आहेत. सगळ्या पाडणार आहेत का? फार तर दंड भरून नियमित करतील. सरकार कुणाचंही असो, मतं या घरांत राहतात.

काळा कोट
साडेतीन मजले, तुमची अडचण समजते. पण "काही होत नाही" हे खरं नाही.

मोफा म्हणजे १९६३ चा आपला फ्लॅट कायदा. त्याच्या कलम ३ मध्ये दोन्ही बाजू बांधलेल्या आहेत. दाखल्याशिवाय बिल्डरने ताबा द्यायचा नाही आणि घेणाऱ्यानेही घ्यायचा नाही. दुसरा अर्धा भाग लोक सोयीने विसरतात.

मुंबईच्या समृद्धी सोसायटीचं प्रकरण बघा. १९९७ मध्ये ताबा मिळाला, ओसी नाही. त्यामुळे रहिवासी २५ टक्के जादा मालमत्ता कर आणि ५० टक्के जादा पाणीपट्टी भरत राहिले. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने मुदत टळली म्हणून तक्रार फेटाळली. सर्वोच्च न्यायालयाने ११ जानेवारी २०२२ ला तो निकाल फिरवला. ओसी न देणं ही सेवेतली त्रुटी आहे, आणि बिल्डरची चूक रोज चालूच राहते, त्यामुळे मुदतीची सबब चालणार नाही, असं सांगितलं. म्हणजे पोटमाळांच्या सोसायटीला आजही ग्राहक आयोगात जाता येईल. बिल्डर सापडला पाहिजे, ही अट वेगळी.

दुसरं, १७ डिसेंबर २०२४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. प्रकरण मेरठचं, निर्देश देशभरासाठी. पूर्णत्वाचा किंवा भोगवट्याचा दाखला तपासूनच बँकांनी कर्ज द्यायचं, आणि वीज, पाणी, ड्रेनेजची जोडणीही तो बघूनच. तुमची फाइल दोन दिवसांत परत आली ती यामुळेच असणार. तुम्ही आज कसंबसं घ्याल, पण उद्या विकताना तुमच्या गिऱ्हाइकाला कोण कर्ज देणार?

खिडकीतली जागा
हा मुद्दा जबरदस्त. घेताना सगळे स्वतःचा विचार करतात, पुढच्या गिऱ्हाइकाचा कुणीच नाही.

हापूस विथ पायरी
वरळीचं कॅम्पा कोला कुणाला आठवतं का? परवानगी पाच मजल्यांची आणि एक इमारत गेली वीस मजल्यांवर. ऐंशीच्या दशकात घरं घेतली, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वरचे मजले पाडायला सांगितलं, २०१४ मध्ये वीज-पाणी तुटलं आणि लोक किल्ल्या देऊन बाहेर पडले. टीव्हीवर गेटपाशी रडणारे आजी-आजोबा अजून डोळ्यांसमोर आहेत. ही तर वरळीतली पैसेवाली माणसं. आपलं काय!

तिखटमीठ
म्हणून म्हटलं, पळा.

गच्चीवरची मांजर
अवांतर : माझ्या शेजाऱ्यांनी बाल्कनी आत घेऊन हॉल मोठा केला, आता ड्राय बाल्कनीत देवघर केलंय. सोसायटीने पत्र दिलं तर म्हणतात, देव हलवता येत नाहीत. हेही बेकायदा का?

लाल शाई
देव कायदेशीरच आहेत, भिंत तेवढी बघावी लागेल.

पूर्वी बाल्कनी ठरावीक प्रमाणात एफएसआयबाहेर, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येतं त्या हिशेबाबाहेर, असायची आणि शुल्क भरून बंदिस्त करता यायची. मग प्रत्येकाने ती शुल्क न भरताच बंदिस्त केली. डिसेंबर २०२० मध्ये राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली आली, मुंबईला मात्र तिची वेगळीच आहे. राज्याच्या नियमावलीत पी-लाइन आली. बाल्कनीसकट बाहेरच्या रेषेपर्यंतचं सगळं क्षेत्र एफएसआयमध्ये धरायचं. त्यामुळे नव्या इमारतीत या भांडणाचं मूळच कमी झालं. जुन्यांत आहेच. आणि कॉलमला किंवा बीमला हात लावला असेल तर नियमावली राहू द्या, आधी आरसीसीवाल्याला, म्हणजे स्ट्रक्चरल इंजिनिअरला, बोलवा.

बिनधास्त बंडू
एवढं कशाला? अर्ज करा आणि ६० दिवस गप्प बसा. उत्तर आलं नाही तर आपोआप मंजूर. कायद्यातच आहे.

लाल शाई
बंडूशेठ, या वाक्याने माझ्या नोकरीची निम्मी वर्षं खाल्ली. १९६६ च्या नगररचना कायद्यात, कलम ४५ मध्ये, साठ दिवसांची मानीव परवानगी आहे. पण पुढचं वाक्य कुणी वाचत नाही. बांधकाम विकास नियमांत बसत असेल तरच ती लागू. नियमाबाहेरचं काम साठ दिवसांत काय, सहाशे दिवसांतही आपोआप कायदेशीर होत नाही. शिवाय ती बांधायच्या परवानगीची गोष्ट, ओसीची नव्हे. आणि एकोणसाठाव्या दिवशी शंकेचं एक पत्र निघतं, ती आमच्या खात्याची कला.

बिनधास्त बंडू
कलेला दाद देण्यात आली आहे. टेबलाखालून.

संपादक मंडळ
कृपया विषयावर राहावे.

मार्जिन सोडणारा
नियमित करण्याचा विषय वर निघालाय, तर मनातलं बोलतो.

गावाकडे वडिलांनी नियमाने प्लॉट घेतला, एनए केला, नकाशा मंजूर केला, चारी बाजूंनी मार्जिन सोडली, ओसी घेतली. मागे गुंठेवारी, म्हणजे गुंठ्या-गुंठ्याने विकलेली विनापरवाना वस्ती, होती. तिथल्या शेजाऱ्याने कुंपणाला चिकटून तीन मजले चढवले. २००१ मध्ये कायदा आला, १ जानेवारी २००१ च्या आधीची गुंठेवारी नियमित करण्यासाठी. म्हटलं, ठीक आहे, गरीब माणसं आहेत. २०२१ मध्ये तीच तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे नेली. शेजाऱ्याने अर्ज केला, पैसे भरले. आज त्याच्या एसीचा पंखा आम्ही सोडलेल्या मार्जिनमध्ये गरम हवा फेकतो. वडिलांची जास्वंद त्या कोपऱ्यात तीनदा जळली.

तेव्हा "फार तर दंड भरू" म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं, की तो दंड आमच्यासारखे आधीच भरून बसलेत.

साडेतीन मजले
मार्जिन सोडणारा, तुमचा राग पटतो. पण गुंठ्यात राहणाऱ्याला एनए प्लॉट परवडला असता तर तो तिथे गेला असता का? आपली नियमावली ज्या पगाराला परवडते त्या पगाराची घरं कुणी बांधतच नाही, आणि मग बेकायदा म्हणून बोट कुणाकडे दाखवायचं?

हापूस विथ पायरी
हे मान्य, पण स्वस्त घराची किंमत कधी कधी जिवाने चुकते. ४ एप्रिल २०१३, मुंब्र्याजवळ शीळफाटा. परवानगी नसलेली इमारत, काम चालू असतानाच खालच्या मजल्यांवर माणसं राहायला आलेली. कोसळली आणि ७४ जण गेले. तिथे कुणी कॉलम तपासले होते? ओसी म्हणजे नुसता कर भरायचा कागद नाही हो.

काळा कोट
आणि कागद असला तरी तो खरा आहे का, ते बघा. डोंबिवली परिसरातल्या ६५ इमारतींच्या बाबतीत महापालिकेच्या खोट्या परवानग्या दाखवून महारेराची, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची, नोंदणी मिळवली होती. २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायला सांगितलं. लोकांनी घरं घेताना रेरा नंबर बघितला होता! म्हणून लाल शाई काका म्हणतात ते खरं, प्रत थेट कार्यालयातूनच काढा.

ऑकलंडकर
इकडच्या खिडकीतून थोडं. न्यूझीलंडमध्ये बांधायला बिल्डिंग कन्सेंट आणि संपल्यावर कोड कम्प्लायन्स सर्टिफिकेट, म्हणजे तुमची सीसी आणि ओसी समजा. कन्सेंटवर कौन्सिलने २० कामकाजी दिवसांत निर्णय द्यायचा, पण त्यांनी एखादी माहिती मागवली की घड्याळ थांबतं. लाल शाईंची एकोणसाठाव्या दिवसाची कला इथेही आहे, नाव वेगळं. मधे मधे इन्स्पेक्टर येतो. पायाला, आतल्या भिंती झाकायच्या आधी, ड्रेनेजला, शेवटी. एक टप्पा चुकवून भिंत झाकली तर फोडून दाखवावी लागते. माझ्या डेकच्या खांबांसाठी मी कॉंक्रीट ओतायची घाई केली होती. इन्स्पेक्टर बाईंनी शांतपणे सांगितलं, खणून दाखव. शनिवार-रविवार खणत होतो.

पण दाखल्याचा फार भरवसाही नको. नव्वदच्या दशकापासून दहाएक वर्षं इथे जी घरं बांधली त्यांतली हजारो गळकी निघाली. बाहेरून सपाट प्लास्टरसारखं आवरण, छपराला पागोळ्या नाहीत, आत प्रक्रिया न केलेलं लाकूड. पाणी आत शिरलं ते बाहेर पडेना, लाकूड कुजलं. यांतल्या कितीतरी घरांना रीतसर दाखला होता! मग लोकांनी कौन्सिलांवर दावे लावले. बिल्डरने कंपनी गुंडाळलेली, आर्किटेक्ट गायब, कौन्सिल मात्र जागेवर. भरपाईचा मोठा वाटा कौन्सिलांच्या, म्हणजे घरपट्टी भरणाऱ्यांच्या गळ्यात आला. शिवाय बांधकामाला दहा वर्षं झाली की दावाच करता येत नाही.

एक चीज मात्र तुमच्याकडे हवी असं वाटतं. घर घ्यायच्या आधी कौन्सिलकडून त्या घराचा सगळा इतिहास फी भरून मिळतो. कोणती कन्सेंट घेतली, दाखला दिला की नाही, सगळं. एजंटच्या तोंडाकडे बघावं लागत नाही.

गच्चीवरची मांजर
म्हणजे तिकडे दाखला आहे आणि घर कुजलंय, इकडे दाखला नाही आणि घर उभं आहे. मी गच्चीवरच बरी.

काळा कोट
ऑकलंडकर, आपल्याकडे पालिकेवर असा दावा लावणं फार कठीण. सद्हेतूने केलेल्या कृतीला कायद्यात संरक्षण असतं. भांडण बिल्डरपाशीच थांबतं.

म्हापशेकर
गोव्यात घर बांधलं तेव्हाचं सांगतो. आधी सनद (जमीन बिगरशेती केल्याची), मग टीसीपीची, म्हणजे नगररचना खात्याची, तांत्रिक मंजुरी, मग पंचायतीचं लायसन्स. शेवटी ओसी पंचायतच देते, पण त्याआधी टीसीपीचा पूर्णत्वाचा दाखला आणि आरोग्य केंद्राचा दाखला लागतो. आरोग्य केंद्रातून आलेल्या माणसाने घराकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ विहिरीपाशी गेला आणि सोकपिटपर्यंत (सांडपाण्याच्या शोषखड्ड्यापर्यंत) पावलं टाकत आला. माझ्या संगमरवरी पायऱ्या बघायला ये म्हटलं तर म्हणाला, पायऱ्यांनी कावीळ होत नाही.

खिडकीतली जागा
या माणसाला सगळ्या महाराष्ट्रात बदली द्या.

साडेतीन मजले
पोटमाळा, घरपट्टीच्या पावतीवर शास्ती लावलीय का बघा. महापालिका कायद्याच्या कलम २६७-अ प्रमाणे बेकायदा बांधकामाला कराच्या दुप्पट दंड लागू शकतो, म्हणजे मूळ धरून तिप्पट. पिंपरी-चिंचवडला तो निवडणुकीचा मुद्दा झाला आणि २०२३ मध्ये सरकारने माफ केला. माफी सगळीकडे नाही. आणि शास्ती भरली म्हणून बांधकाम नियमित होत नाही, हे मला तिसऱ्या पावतीनंतर कळलं.

हापूस विथ पायरी
धागाकर्ते गायब. घेतला वाटतं फ्लॅट.

पोटमाळा
गायब नाही, रांगेत होतो. माहिती अधिकारात नकाशा मिळाला. सहा चकरा, तीन जेवणाच्या सुट्ट्या. रविवारी टेप घेऊन गेलो. वॉचमनने विचारलं, पडदे करायचेत का? म्हटलं, हो. मग त्यानेच दुसरं टोक धरलं.

मजले सहा, नकाशातही सहा. चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट नकाशाप्रमाणे, बाल्कनीचं दार तेवढं काढलंय. साइड मार्जिन नकाशात ४.५० मीटर, टेपवर ४.४२. जमीन अडकलेली नाही, आरक्षण नाही, रस्ता नाही.

घोळ तळमजल्यावर. नकाशात पार्किंग क्रमांक ७ ते १० लिहिलेल्या जागी दोन गाळे आहेत. एकात गिरणी, दुसऱ्यात फॉल-बीडिंगवाल्या ताई. दोन्ही मूळ जमीनमालकाचे. बिल्डरशी झालेल्या करारात त्याला चार फ्लॅट आणि हे गाळे मिळाले. ओसीसाठी सुधारित नकाशा द्यायचा तर जमीन अजून त्याच्याच नावावर, आणि तो सही करत नाही. बिल्डरचं ऑफिस होतं तिथे आता केकचं दुकान आहे. २०१३ पासून फाइल इथेच अडकलीय.

लाल शाई
शाबास. प्लास्टरसकट आठ सेंटिमीटरला कुणी रडत नाही. तुमचा दुसरा प्रकार, पण त्यातला सौम्य. गाळे बंद करून पार्किंग मोकळं करा, नाहीतर सुधारित नकाशात ते व्यापारी वापर म्हणून दाखवा. पण पार्किंगची गरज दुसरीकडे भागली आणि एफएसआय शिल्लक असला तरच. आर्किटेक्टला आजच्या नियमावलीत बसवून बघायला सांगा.

काळा कोट
आणि सहीवर उपाय आहे. सोसायटीने मानीव अभिहस्तांतरण करून घ्यावं, म्हणजे मालकाच्या सहीशिवाय जमीन सोसायटीच्या नावावर. जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करायचा, जमीनमालक आणि बिल्डर दोघांना नोटीस जाते, ते आले नाहीत तरी आदेश होऊ शकतो. ओसी नाही म्हणून ते अडत नाही, २०१८ च्या शासन निर्णयानंतर स्वयंघोषणापत्र चालतं. जमीन सोसायटीच्या नावावर आली की सुधारित नकाशावर सही सोसायटीची. तुमच्या पहिल्या पोस्टमधल्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हे. रहिवाशांना ओसी काढता येते, पण आधी जमिनीचं मालक व्हावं लागतं.

खर्च मात्र चोवीस घरांत वाटला जाईल. तो तुमच्या बारा लाखांतून वजा करून बघा.

पोटमाळा
विकणाऱ्यांच्या ओळखीने सोसायटीच्या बैठकीत बसलो. अभिहस्तांतरणाला सगळे तयार. मग मी विचारलं, गाळे बंद करावे लागले तर? पाच मिनिटं शांतता. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "आणि दळण कुठे न्यायचं? चौकातला पीठ जाळतो." हात वर झाले. गाळे काढायच्या बाजूने सात, विरुद्ध अकरा, बाकीचे क्रिकेट बघायला गेले होते. सेक्रेटरी विजयी मुद्रेने माझ्याकडे बघत होते. (काका, नमस्कार.)

गच्चीवरची मांजर
म्हणजे ओसी बिल्डरने नाही, भाकरीने अडवलीय!

पोटमाळा
तसंच म्हणा. विसार दिलेला नाही. मालकांना सांगितलंय, अभिहस्तांतरणाचा अर्ज दाखल होऊ दे आणि आर्किटेक्टचं लेखी मत येऊ दे, मग भावाचं बोलू. ते विचार करतो म्हणालेत. पतसंस्थेच्या माणसाचा फोन उचलत नाही. येताना गिरणीतून दोन किलो ज्वारी दळून आणली. पीठ खरंच उत्तम आहे.

तिखटमीठ
पार्किंग क्रमांक ७ मध्ये दळलेलं.